व्हिनाइल ॲसिटेट आणि आपली मळी

जुन्या सुतारांच्या दुकानात शिरताच उकळत्या सरसाचा दर्प नाकात भरत असे. जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून काढलेला तो सरस गरम असेतोच लावावा लागे आणि पावसाळी हवेत त्याचा जोड सुटे. 1959 साली बळवंतराय पारेख यांनी ‘फेविकॉल’ हा पांढरा डिंक बाजारात आणला व सरसाची शेगडी हळूहळू विझली. हा डिंक म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म कण होत. पाणी लाकडात मुरले की हे कण एकमेकांस भिडून एकजीव होतात. म्हणूनच दुधासारखा दिसणारा डिंक वाळल्यावर पारदर्शक होतो.

या साऱ्याचे मूळ व्हिनाइल ॲसिटेट हा रंगहीन, गोडसर वासाचा द्रव होय. तो 72.7 अंश सेल्सिअसला उकळतो. त्याचे रेणू आपण होऊन साखळ्या जोडू लागतात, म्हणून जहाजातून नेताना त्यात हायड्रोक्विनोनसारखा रोधक मिसळावा लागतो. फ्रिट्झ क्लाट्टे या जर्मन रसायनज्ञाने 1912 साली ॲसिटिलीन व ॲसिटिक अम्ल यांच्या संयोगातून तो मिळविला. आता बहुतेक ठिकाणी ॲसिटिलीनऐवजी एथिलीन व ऑक्सिजन वापरून पॅलॅडियमयुक्त उत्प्रेरकावर ही क्रिया घडवितात.

त्याचा उपयोग डिंकापुरताच नाही. पॉलिएथिलिनाच्या साखळ्या एकमेकींस घट्ट बिलगून बसतात. त्यांत मधूनमधून व्हिनाइल ॲसिटेट गुंफले की त्याचे बाजूस आलेले फाटे ही शिस्त मोडतात आणि प्लास्टिक रबरासारखे मऊ होते. पायांतील हलक्या चपला यापासूनच होतात. सौर पटलांतील काचेखाली विद्युत्-घटांना धरून ठेवणारा थरही बहुधा याच जातीचा असतो.

असे असता भारत आपली या द्रवाची गरज आयातीवर भागवितो, ही गोष्ट मला खटकते. रायगड जिल्ह्यात महाड येथे व्हिनाइल ॲसिटेट तयार होत असे. उत्तर प्रदेशात गजरौला येथे तर ते अल्कोहोलपासून करीत. अल्कोहोल येते ते साखर कारखान्यांच्या मळीतून, आणि मळीची महाराष्ट्रास वाण नाही. हिशेब सोपा आहे: 46 किलो अल्कोहोलपासून एथिलीन व तितक्याच अल्कोहोलपासून ॲसिटिक अम्ल केले, तर सिद्धान्ततः 86 किलो व्हिनाइल ॲसिटेट हाती येते. प्रत्यक्षात घट येते, हे उघड आहे.

यावर उत्तर मिळते, की खनिज तेल व नैसर्गिक वायू यांपासून परदेशी प्रचंड कारखान्यांत बनलेला माल स्वस्त पडतो. हे खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. उसाला पाणी फार लागते, हा आक्षेपही खोटा नाही. परंतु आपण अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळतोच आहोत. 2025 साली हे मिश्रण 20 टक्क्यांपर्यंत गेले. त्यासाठी शासनाने भाव बांधून दिला व खरेदीची हमी घेतली. इंजिनात ते क्षणात जळून जाते; दाराच्या चौकटीत तोच कार्बन वर्षानुवर्षे टिकतो. त्यातील अल्पसा वाटा याच भावाने व याच हमीने रसायन-उद्योगास द्यावा. महाडला खाडी आहे, रसायनांचे जाणकार कामगार आहेत, आणि घाट चढताच साखरेचा पट्टा लागतो. कारखाना पहिली काही वर्षे तोट्यात चालेल, हे गृहीत धरूनच ही मागणी करावयास हवी.