सराफाच्या वहीतील नाव

भारतीय पारपत्राची निळी पुस्तिका नाशिक रोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापली जाते, याचा नाशिककरांना सार्थ अभिमान आहे. तेथून आठ-नऊ किलोमीटरवर सराफ बाजार आहे. त्या बाजारातील पेढ्यांच्या मागच्या खोल्यांत, दिव्याच्या ज्योतीवर फुंकनळी धरून दागिने घडविणारे बंगाली कारागीर शहराला नवे नाहीत. त्यांपैकी बहुतेक पश्चिम बंगालचे, म्हणजे आपलेच नागरिक. परंतु अशा कारागिरांत एखादा खुलना वा फरीदपूरकडचाही असू शकतो. घरावर हल्ला झाला, मंदिर फोडले गेले, लेकी-सुनांची काळजी वाटू लागली म्हणून रातोरात सीमा ओलांडलेला. त्याच्यापाशी ना पारपत्र असते, ना व्हिसाचा शिक्का.

एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात दोन्ही देशांतील अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची हमी होती. ती सीमेपलीकडे कितपत पाळली गेली, हे या माणसाच्या रिकाम्या हातांवरून कळते. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने नागरिकत्व सुधारणा कायदा संमत केला, तो अशांसाठीच. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती निर्वासितांना त्याने नागरिकत्वाचा मार्ग मोकळा केला. नियम यायला मात्र ११ मार्च २०२४ उजाडले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ मे रोजी, दिल्लीत पहिल्या चौदा जणांच्या हाती प्रमाणपत्रे पडली.

या नियमांना एक परिशिष्ट जोडले आहे. ठरलेल्या तारखेपूर्वी आपण भारतात आलो होतो, हे दाखविणाऱ्या कागदांची यादी त्यात आहे. त्यातील कोणताही एक कागद पुरतो. शिधापत्रिका, वीजबिल, विमा पॉलिसी, बँकेचे वा टपालाचे खाते, शाळा सोडल्याचा दाखला, नोंदणीकृत भाडेकरार असे बरेच काही चालते; मुदत संपलेला कागदही चालतो. यादी उदार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. सिंधमधून रीतसर व्हिसावर आलेल्या बांधवाला तर शिक्क्याचे एक पान पुरेसे आहे. फाळणीनंतर देवळालीच्या छावणीत ज्यांचे आप्त विसावले, अशा सिंधी कुटुंबांना हा मार्ग ठाऊक आहे. डिसेंबर २०१६ मध्ये नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्राने देशातील सोळा जिल्हाधिकाऱ्यांना दिले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर हे चारच जिल्हे होते, नाशिक नव्हते. ती उणीव नव्या व्यवस्थेने भरून काढली. आता अर्जाची छाननी टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती करते.

अडचण आहे ती कष्टकऱ्याची. यादीत नोकरीचा पुरावाही ग्राह्य धरला आहे, पण त्याला भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन किंवा राज्य कामगार विमा योजनेच्या कागदांची जोड हवी. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कायम असलेल्या कामगाराकडे हे सारे असते. मात्र निर्वाह निधीचा कायदा सामान्यतः वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होतो. तिघा-चौघांना घेऊन मजुरीवर काम करणाऱ्या कारागिराचा त्याच्याशी संबंध येणार कसा? त्याच्या श्रमाची नोंद असते ती सराफाच्या वहीत: अमुक तारखेला इतके ग्रॅम सोने दिले, इतक्या वजनाचा दागिना आला, इतकी घट, इतकी मजुरी. सोन्याचा हिशेब असल्याने ती काटेकोर असते. कित्येक सरकारी दफ्तरांपेक्षाही. तरीही नोकरीचा पुरावा म्हणून आज तिला किंमत नाही.

तेव्हा पुरावे मागूच नयेत, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांला मान्य नाही. जी सीमा छळाला कंटाळलेल्या हिंदूने ओलांडली तीच घुसखोरांनीही ओलांडली आहे, आणि बनावट कागद करून देणाऱ्यांचा धंदा या देशात तेजीत आहे. छाननी कडकच हवी. परंतु छाननी करणे वेगळे आणि ज्याच्याकडे असूच शकत नाही तो कागद मागणे वेगळे. पेढीचा गुमास्ता परवाना २०१४ पूर्वीचा असेल, मालकाची त्या वर्षांची करविवरणे जुळत असतील आणि मालक शपथेवर सांगायला तयार असेल, तर कामगार खात्याच्या अधिकाऱ्याने वही तपासून साक्षांकित करावी व समितीने ती स्वीकारावी, एवढी दुरुस्ती केंद्र सरकारला अवघड नाही. शासनाने पूर्वी जे निर्वासित स्वतः वसविले, त्यांची नोंदही शासनानेच ठेवली. गडचिरोलीच्या चामोर्शी-मुलचेरा भागातील बंगाली गावे हे त्याचे उदाहरण आहे. नंतर एकेकटे आलेल्यांची नावे लिहून घेणारे कोणी नव्हते, हा त्यांचा दोष कसा?

दुरुस्ती होईल तेव्हा होवो, समाजाला त्याआधीही बरेच करता येईल. नागरी संस्थेच्या लोकप्रतिनिधीचे वा अधिकाऱ्याचे, तसेच महसूल अधिकाऱ्याचे प्रमाणपत्रही यादीत आहे. (नियम आले तेव्हा नाशिक महापालिकेत प्रशासकीय राजवट होती, सही करायला नगरसेवकच नव्हते, हाही एक योग.) पण कोणताही अधिकारी अनोळखी माणसाला दाखला देणार नाही. शेजारी, घरमालक आणि पेढीचे मालक सोबत गेले तरच तो देईल. अर्जदाराच्या चारित्र्याविषयी भारतीय नागरिकाचे शपथपत्रही लागते. ज्याने दहा वर्षे लाखोंचे सोने विश्वासाने हाती दिले, त्या मालकाहून योग्य साक्षीदार कोण? येथे मालक कचरतात. उद्या कोणी निरीक्षक पेढीवर येईल, जुना हिशेब उकरला जाईल, ही त्यांची भीती अगदीच निराधार नाही. म्हणूनच कार्यकर्त्यांनी एकट्या अर्जदाराला मालकापुढे उभे करू नये. वकील व हिशेबतपासनीस बरोबर घेऊन जावे, आणि जे खरे आहे तेवढेच लिहून मागावे. एक खोटी तारीख दहा खऱ्या अर्जांवर संशय आणते.

यात विलंब परवडणारा नाही. कंपनी कायद्यानेही हिशेबाच्या वह्या आठच वर्षे जपणे बंधनकारक आहे. २०१४ च्या वह्यांची मुदत केव्हाच उलटली. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडते, जुनी माळ्यावर जाते आणि पुढच्या एखाद्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या काट्यावर. सराफ बाजारातील ज्या ज्या माळ्यांवर २०१४ पूर्वीची गाठोडी अजून बांधलेली आहेत, ती येत्या दिवाळीपूर्वी खाली उतरवून पाहावीत.