फिरतीवरचे जेवण

नोकरीपायी महिन्यातले आठ-दहा दिवस घराबाहेर काढावे लागतात, अशी माणसे आपल्या इंदुरात थोडीथोडकी नाहीत. बँकांचे तपासनीस, विम्याचे प्रतिनिधी, औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांचे उंबरठे झिजविणारे तरुण, बियाण्यांचे व पंपांचे विक्रेते, सरकारी खात्यांतले अभियंते, अशी सारी मंडळी सोमवारी सकाळी बसस्थानकावर एकत्र दिसतात. त्यांच्या पगाराविषयी, बदल्यांविषयी आणि प्रवासभत्त्याविषयी पुष्कळ बोलले जाते; परंतु फिरतीवर असताना ती काय जेवतात, याचा विचार करावा असे कोणाला वाटत नाही. विषय क्षुल्लक खरा. तरी त्यात बरेच काही गुंतलेले आहे असे मला वाटते, म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

फिरतीहून परतलेल्या एखाद्या गृहस्थांना विचारून पाहा. अलिराजपुरात काय जेवलात? पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी. बुऱ्हाणपुरात? तेच. खरगोनला, मंदसोरला, धारला? तेच, फार तर रोटीऐवजी नान. पूर्वी हा नाइलाज तरी होता. स्टेशनाजवळच्या एकुलत्या एका हॉटेलात जे मिळेल ते गिळून माणूस कामाला लागे. आता रस्ते रुंद झाले, मुक्कामाच्या सोयी वाढल्या, मोठ्या गावांतून तर फोनवर बोट फिरविताच खोलीच्या दाराशी जेवण हजर होते. निवड करण्याची एवढी मुभा हाती आली आणि तिचा उपयोग आपण सर्वत्र एकच भाजी मागविण्यासाठी करू लागलो!

माझे म्हणणे सरळ आहे. ज्या गावी आपण पोटासाठी जातो, त्या गावचे अन्न त्या गावच्या वेळेला आणि त्या गावच्या रीतीने एकदा तरी खाल्ले पाहिजे. हा जिभेचे चोचले पुरविण्याचा प्रश्न नाही. ज्याला गावाशी काही काम आहे, त्याच्या कामाचाच तो एक भाग आहे.

कसा, ते पाहा. झाबुआ-अलिराजपूर हा मक्याचा मुलूख. तेथे मक्याच्या पिठाचे गोळे हिरव्या पानांत दडपून गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतात. त्यांना पानिये म्हणतात आणि ते डाळीबरोबर खातात. याच झाबुआच्या काळ्या कडकनाथ कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता, मक्याच्या पिकासाठी कर्ज द्यावे की न द्यावे हे ठरविण्यास जो अधिकारी तेथे जातो, त्याला कागदावर मका हे केवळ एक विकाऊ पीक दिसते. डाळ-पानियांचे ताट पुढे आले असते, तर हाच मका त्या घराचे रोजचे अन्नही आहे, आणि पीक गेले तर बाजारातले पैसेच जातात असे नव्हे, चूलही थंडावते, हे त्याला कोणी न सांगता समजले असते. अहवालात ही गोष्ट कोठेही लिहिलेली नसते. ताटात मात्र ती वाढलेली असते.

ऋतूंचेही तसेच. आपल्या माळव्यात पावसाळ्यात कोवळी कणसे येतात, तेव्हा ती किसून दुधात शिजविलेला भुट्ट्याचा कीस दिसू लागतो. थंडी पडली की गराडूचे तुकडे तळून, वर लिंबू आणि जिरावण घालून विकावयास येतात. उन्हाळ्यात गराडू मागाल तर विक्रेता तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. बाफले आधी पाण्यात उकडून मग विस्तवावर भाजतात, आणि त्यावर तुपाची धार पडली की खाणारा दुपारी झोपेला शरण जातो. ज्या घरी दुपारी दाल-बाफल्याचा बेत आहे तेथे तीन वाजता वसुलीला जाऊ नये, एवढे व्यवहारज्ञान विक्रीशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. हॉटेलातल्या पनीरला मात्र ना ऋतू, ना गाव, ना वेळ.

शेजारचा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नसतो, हेही ताटावरच कळते. बुऱ्हाणपूरला भलेमोठे पातळ मांडे हातावर फिरवून उलट्या कढईवर भाजतात आणि रश्शाबरोबर खातात. पलीकडे खानदेशात मांडे म्हटले की पुरण भरलेले, खापरावर भाजलेले मांडे आले. नाव एक, हाताची करामत बरीचशी एक, आणि पोटात मात्र एकाच्या पुरण तर दुसऱ्याच्या काहीच नाही. त्याच बुऱ्हाणपुरात खव्याची काळसर जिलबी मिळते. दक्षिणेस धारवाडकडे गेलात तर तेथेही जेवणाच्या जागेला खानावळीच म्हणतात, आणि ज्वारीची भाकरी, भरली वांगी व शेंगदाण्याची चटणी असे ताट पुढे आले की सोलापूरच्या माणसाला आपण राज्याची सीमा ओलांडली हे सांगावे लागते. भाषावार सीमांवरून गेली सत्तर वर्षे आपण वाद घालीत आलो आहोत. त्या वादाचे काय व्हायचे ते होवो. भाकरीला ती सीमा ओळखू येत नाही, एवढे खरे.

आणि ही गोष्ट इंदूरच्या मराठी माणसाला दुसऱ्याने सांगावी लागू नये. आपण येथे आलो ते कशासाठी? १८१८ साली मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली, आणि दप्तर, कचेऱ्या, फौज, देवस्थाने यांच्या आश्रयाने घाटावरची व कोकणातली कितीतरी कुटुंबे येथे आली. यात्रेला किंवा हवापालटासाठी कोणी आले नव्हते; सारे कामासाठी आले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळविण्याच्या आशेने याच वाटेने उत्तरेकडे निघाले होते. ते बंडाच्या धामधुमीत सापडले आणि पुढे घरी परतले, म्हणून ‘माझा प्रवास’ हे पुस्तक झाले. आपले पूर्वज परतले नाहीत, म्हणून आपण झालो. एका अर्थी आपली सारी वस्ती ही एक लांबलेली फिरतीच आहे.

त्या पूर्वजांनी येथल्या अन्नाकडे पाठ फिरविली असती तर काय झाले असते? पोहे आपल्याच लोकांबरोबर येथे आले असे परंपरेने सांगतात. ते काही असो, आजचे इंदुरी पोहे पुण्याच्या कांदेपोह्यांहून निराळे आहेत. त्यांत बडीशेप आहे, खाली वाफेचे भांडे आहे, वर शेव, कच्चा कांदा व जिरावण आहे, आणि शेजारी जिलबी आहे. आपल्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर सराफ्यात रात्री उपवास नसलेली माणसे जिरावण आणि शेव घालून मिटक्या मारीत खातात. सोवळ्यातल्या एखाद्या आजीबाईंना हे दाखविले असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. तिकडे बडोद्याला उसळीवर शेव पडली आणि शेव-उसळ हे त्या शहराचे खाणे होऊन बसले. दोन समाज एकमेकांच्या चुलीपाशी आले, काही दिले, काही घेतले, म्हणून हे घडले. घरचा डबा उघडून कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडून हे झाले नसते.

त्या डब्याचाही इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मागच्या पिढ्यांतला प्रवासी डबा बाळगी तो काही केवळ चवीसाठी नव्हे. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे पाणीही पिऊ नये, हे जातीने ठरवून दिलेले होते. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांच्या मागे ग्रामण्याचे लचांड लागले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आगगाडीने, कचेरीने आणि चहाच्या दुकानाने ते सोवळे हळूहळू सैल केले. फिरतीच्या नोकरीचाही त्यात वाटा आहे. पुरते मात्र ते अजून गेलेले नाही. आजही ‘कोठे जेवणार?’ या प्रश्नामागे पुष्कळदा ‘कोणाकडे जेवणार?’ हा प्रश्न दबा धरून असतो. परक्या ताटाला नको म्हणताना आपण पोटाला जपत आहोत की त्या जुन्या भिंतीला, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासून पाहावे.

यावर आक्षेप येतील आणि त्यांतले काही रास्त आहेत. एखाद्याची प्रकृती नाजूक असते, एखाद्याला पथ्य असते. उद्या सकाळी महत्त्वाची बैठक असताना आज रात्री तिखटाचा प्रयोग करू नये, हे शहाणपणच होय. शाकाहारी माणसाने कडकनाथ खावा असे मी म्हणत नाही. त्याच गावच्या डाळ-पानियांना त्याचे कोणते व्रत आडवे येते? सर्वांत सबळ आक्षेप स्त्रियांचा आहे. फिरतीवरच्या बाईला रात्री नऊ वाजता बाजारपेठेतल्या खानावळीत एकटीने जाऊन बसणे अजूनही सुखाचे नसते. तिने खोलीवर जेवण मागविले तर तिला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोष त्या खानावळीचा आणि त्या रस्त्याचा आहे. तिला दुपारचे जेवण तरी स्थानिक सहकाऱ्यांबरोबर निर्धास्तपणे घेता यावे, एवढे पाहणे हे यजमान कचेरीचे काम आहे.

यजमानांचा उल्लेख आला म्हणून दोन शब्द त्यांच्याविषयीही बोलले पाहिजेत. पाहुणा काय खातो याला पुष्कळदा तेच जबाबदार असतात. मोठ्या शहरातून साहेब यावयाचे म्हटले की गावातल्या गार हवेच्या हॉटेलात मेज राखून ठेवतात. साहेबांनी भीतभीत विचारलेच, की इथले काही मिळेल का, तर ‘आमच्याकडे काय मिळणार साहेब, गावठी सगळे!’ असे उत्तर येते. हे ऐकले की मला वाईट वाटते. ज्या अन्नावर आपण वाढलो त्याची आपल्याला लाज वाटू लागली, की ते रांधणारी खानावळही फार दिवस टिकत नाही. गावातल्या मुलांनाही मग वाटू लागते की खरे जेवण ते, जे फलकावर छापलेले असते. पाहुण्याने मागितले तर निदान एका दुकानदाराला, एका रांधणाऱ्या बाईला आपल्या हातची किंमत कळेल.

मात्र मागताना भान ठेवावे. अधिकाऱ्याने गावात येऊन जेवण मागण्याचा आपल्याकडचा पूर्वापार इतिहास काही गौरवाचा नाही. साहेबांच्या दौऱ्यासाठी रसद पुरवायची म्हणून गरिबाच्या घरची कोंबडी, दूध, लाकूडफाटा गोळा करीत. पैसे मिळाले तर मिळाले. तेव्हा पहिला नियम असा, की आपल्या जेवणाचे पैसे आपण द्यावे. दुसरा असा, की हाताखालच्या माणसाच्या घरी आपणहून जेवण ठरवू नये. त्याला नाही म्हणता येत नसते. आणि तिसरा नियम, जेवताना ‘आमच्या इंदूरला याहून चांगले मिळते’ हे वाक्य तोंडाबाहेर काढू नये. आपल्या सराफ्याचा अभिमान आपल्याला आहेच. तो दुसऱ्याच्या पंगतीत बसून सांगण्याची गरज नाही. आवडले नाही तर थोडे खावे, पण पदार्थ कसा करतात ते विचारावे. विचारणाऱ्याला सहसा कोणी रिकाम्या हाती पाठवीत नाही.

हे सारे करावयास भत्ता वाढावा लागत नाही. गावची खानावळ बहुधा हॉटेलाहून स्वस्तच असते. वेळही फारसा मोडत नाही. येत्या आठवड्यात ज्यांची फिरती आहे त्यांनी एवढेच करावे: कचेरीत पोचल्यावर, कामाची कागदपत्रे उघडण्यापूर्वी, तेथल्या शिपायाला किंवा कारकुनाला विचारावे, ‘दादा, तुम्ही स्वतः कोठे जेवता?’ आणि दुपारी त्यांच्याबरोबर तेथे जाऊन बसावे. साहेबांसाठी राखून ठेवलेले मेज एक दिवस रिकामे राहिले तर कोणाचे काही बिघडणार नाही.