वर्गातल्या गुद्द्याचे मूळ

तळोज्याच्या गावशाळेत एखाद्या मुलाने सोबत्याला गुद्दा घातला, की ‘वाया गेलेला’ म्हणून सारे मोकळे होतात. त्याच्या पाठीवरचे वळ पाहतो कोण? केंद्र सरकारच्या २००७ च्या, महाराष्ट्रासह १३ राज्यांतील पाहणीत तीनपैकी दोन मुले मार खाणारी आढळली. कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांवर हात उगारणारे खुद्द आई-वडीलच होते! राग आला की हात उचलावा, हा धडा मूल पाटीआधी घरीच गिरवते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने गुरुजींची छडी गेली. उंबऱ्याआतली चालूच आहे. ताराबाई मोडकांनी कोसबाडची वनवासी मुले छडीविना शिकवली. गुरुजींनी तक्रारीची चिठ्ठी धाडण्याआधी त्या घरी एकदा जाऊन यावे. चिठ्ठी पोहोचली, की त्या रात्री मुलाला पुन्हा मारच बसतो.