घरातला पाटकरी

आमच्या घरात माणसे सहा आणि इंटरनेटला जोडलेली यंत्रे चौदा. मी मोजली आहेत. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला मोजल्याशिवाय झोप लागत नाही आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला मोजल्यानंतरही लागत नाही. मी दोन्ही असल्याने माझ्या झोपेचा प्रश्न कायमचा निकालात निघाला आहे. तर या चौदांत मुलाचे आणि सुनेचे ऑफिसचे संगणक आहेत, माझा लेखनाचा आहे, नातवंडांचा एक सामायिक आहे, शिवाय फोन, टीव्ही आणि कधीच वेळेवर न चालणारा एक प्रिंटर. कनेक्शन मात्र एकच. एकत्र कुटुंबे मोडली, चुली वेगळ्या झाल्या, असे आपण ज्या काळाबद्दल म्हणतो, त्याच काळात घरोघरी एका नळावर चौदा घागरी लागल्या आहेत.

या नळावर भांडणे होतात. ती कशी होतात आणि खापर कोणावर फुटते, हे आज सांगायचे आहे. कारण आमच्या घरी ते जिच्यावर फुटले तिचा त्यात काही दोष नव्हता आणि खापर फोडणाऱ्यांत मी होतो.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही आधी मोठ्या शहरांत. राजारामपुरीतल्या आमच्या घरी ते २००१ साली पोचले. टेलिफोनच्या तारेतूनच ते यायचे, त्यामुळे इंटरनेट चालू असले की फोन बंद. मोडेम आधी किंचाळायचा, मग घशात काही अडकल्यासारखा खरखरायचा आणि मर्जी असली तर लागायचा. सौ.ची बहीण बेळगावला असते. ती तासन्‌तास फोन लावायची आणि शेवटी कंटाळून, ‘तुमच्याकडे एवढं बोलतं तरी कोण?’ असे पत्राने विचारायची.

त्याच सुमारास घरात दोन संगणक झाले. नवा मुलाचा, जुना माझा, कादंबरीपुरता. १९९९ साली आलेल्या विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत एकच जोडणी दुसऱ्या संगणकालाही वाटून देण्याची सोय होती. शाळकरी मुलाने मधल्या भिंतीला भोक पाडून केबल ओढली. सौ. आठवडाभर त्या भोकाकडे बघून उसासे टाकत होती. पण मुख्य जोडणी त्याच्या संगणकात, म्हणजे माझ्याकडे इंटरनेट हवे तर त्याचा संगणक चालू हवा. तो बंद करून चिरंजीव क्रिकेटला गेले की माझे जगाशी नाते तुटले. ‘बाबा, वीस मिनिटं थांबा, गाणं उतरतंय,’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. खरोखरच एक गाणे उतरायला तेवढा वेळ लागे. तोवर घरात कोणी कशासाठी थांबायचे हे मी ठरवत होतो. ते आता दुसऱ्याने ठरवायला सुरुवात केली होती, आणि तो माझा मुलगा असला तरी ते मला जड गेले, हे कबूल करतो.

जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमचे ब्रॉडबँड आले आणि फोन मोकळा झाला. त्याच वर्षी वाय-फायच्या लहरी परवान्याच्या कटकटीतून सुटल्या आणि हळूहळू केबलही गेली. मुलाचा संगणक चालू असो वा नसो, कोपऱ्यात हिरवे दिवे मिचकावत बसलेली राउटरची डबी सगळ्यांना इंटरनेट वाटू लागली.

ही डबी काय करते, हे मला बँकेच्या भाषेतच कळले. आमच्या शाखेत आवक-जावक टपालाची बारनिशी असे. बाहेरून पत्र येई ते शाखेच्या पत्त्यावर. आत ते कर्जखात्याकडे जायचे की ठेवींकडे, हे बारनिशीच्या कारकुनाला ठाऊक. डबी हेच करते. बाहेरच्या जगाला आमच्या घराचा एकच पत्ता दिसतो. आतल्या यंत्रांना डबी आपले खासगी नंबर देते, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारे. तेच नंबर तुमच्याकडेही असतील आणि शेजाऱ्यांकडेही, जसा ‘मधल्या खोलीत ठेव’ हा पत्ता प्रत्येक घरात चालतो. कोणत्या खोलीने काय मागवले याची नोंद डबी ठेवते आणि उत्तर आले की तिकडे धाडते. ही युक्ती १९९४ साली मांडली गेली ती पत्ते पुरणार नाहीत म्हणून. जुन्या पद्धतीत सगळ्या जगासाठी मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. आशिया-प्रशांत विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्ये तळाला गेला. तरीही आपले चालले आहे, ते या घरोघरच्या बारनिशांच्या जोरावर.

पण बारनिशीचा कारकून टपाल पोचवतो, कोणाचे काम आधी हे तो ठरवत नाही. त्यासाठी पाटकरी लागतो.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. पाऊस सरला की बंधाऱ्यांना बरगे घालायचे, पाणी अडवायचे, काठच्या पाणीपुरवठा संस्थांनी ते उपसून पाळीने वाटायचे, ही आपली रीत. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नावच राज्यभर गेले. पाटकरी चोख असला तर टेलच्या शेतकऱ्यालाही पाणी मिळते. नसला तर वरचा शेतकरी रात्री दारे मोडून घेतो आणि टेलचा माणूस सकाळी कोरड्या पाटाकडे बघत उभा राहतो. गंमत अशी की पाणी कमी पडले की बोलणी मात्र टेलवाल्यालाच बसतात. शेवटी जोडला गेलेला तो ना!

इंटरनेटचीही पाळी याच मुलखाने आधी पाहिली आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावागावांत संगणक केंद्रे निघाली. शेतकरी तिथे यायचा तो मुख्यतः ऊस किती भरला आणि बिल किती झाले ते पाहायला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत तेच काम संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले आणि ते चालले. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो केंद्र चालवणारा माणूस. यंत्रापाशी कोणी तरी बसलेला असे. घरातल्या डबीपाशी कोणीच बसत नाही. ती आपली टीव्हीमागे, धुळीत.

आता २०२०ची गोष्ट. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि जूनच्या मध्यापासून ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ झाले. मुलगा आणि सून दोघांचे ऑफिस घरी आले. मोठ्या नातवाची शाळा घरी आली. आमचे कनेक्शन तेव्हा तांब्याच्या तारेचे होते. येणारा वेग दहा मेगाबिट, जाणारा जेमतेम एक. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची मुलगी त्या वर्षी दहावीत होती. त्यांच्या घरी फोन एक आणि दिवसाचा डेटा दुपारच्या आत खलास. सौ.ने तिला सांगितले, ‘आमच्या जिन्यात बसत जा गं, पासवर्ड देते.’ जिना बाहेरच्या अंगाला आहे. मुलगी रोज दहाला येई, तोंडाला रुमाल, मांडीवर वही, कानात तार, आणि तास संपले की चप्पल वाजू न देता निघून जाई.

गणपती झाले आणि आमच्या घरात सगळे अडखळू लागले. सुनेची मीटिंग मध्येच तुटायची. मुलाचा चेहरा पडद्यावर तोंड उघडे ठेवून थिजायचा. नातवाच्या बाई ‘आवाज येत नाही रे बाळा’ म्हणत राहायच्या. एका रात्री जेवताना कोणी तरी म्हणाले, ‘जिन्यातही एक फोन असतो.’ कोण म्हणाले ते सांगत नाही, कारण माना सगळ्यांनीच हलवल्या. त्याच रात्री पासवर्ड बदलला. मुलीला काही सांगायचे कोणाच्या लक्षात आले नाही, किंवा सगळ्यांच्या लक्षात आले आणि कोणी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली, फोन खालीवर करत राहिली आणि गेली. तिसऱ्या दिवशी मावशींनी मला विचारले, ‘काका, नेट बंद पडलंय का तुमचं?’ मी म्हणालो, ‘हो मावशी, जरा गडबड आहे.’ हे अगदीच खोटे नव्हते. जिना रिकामा झाला होता आणि सुनेची मीटिंग तशीच तुटत होती.

बँकेत संध्याकाळी ताळा जुळला नाही की फरकाची रक्कम आधी नऊने भागून बघत. भाग गेला तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल, म्हणजे ५४च्या जागी ४५. पण त्याहीआधी सगळे नव्या कारकुनाकडे बघत. माझा अनुभव असा, की फरक बहुतेक वेळा जुन्या, चष्मेवाल्या, ‘माझं कधी चुकत नाही’ म्हणणाऱ्या हाताचा निघे. हे मला आठवायला अडीच आठवडे लागले. मग एका सकाळी मी सगळ्यांना एकेक यंत्र बंद करायला लावले. टीव्ही बंद, फरक नाही. प्रिंटर बंद, फरक नाही. माझा फोन बंद केला आणि मुलाचा थिजलेला चेहरा बोलू लागला.

टाळेबंदीत मी जुन्या डायऱ्या आणि हस्तलिखिते वाळवीपासून वाचवायला काढली होती. रोज सकाळी दहाला चहा घेऊन बसायचे आणि दीडशे पानांचे फोटो काढायचे. फोन ते फोटो आपणहून दूरच्या साठ्यात पाठवत असे. एक फोटो चार मेगाबाइटचा, दीडशेंचे झाले सहाशे मेगाबाइट, म्हणजे ४,८०० मेगाबिट. एक मेगाबिटच्या वाटेने ते जायला ऐंशी मिनिटे. आपला आवाज, आपले चित्र, इतकेच काय, आलेल्या टपालाची पोचही त्याच अरुंद वाटेने परत जाते. मी ती वाट रोज ऐन तासांच्या वेळी माझ्या अप्रकाशित कादंबऱ्यांनी भरून टाकत होतो. समीक्षकांनी त्या अडवल्या असत्या तर समजू शकलो असतो, त्याच सगळ्यांना अडवून बसल्या होत्या.

आणि मुलगी? तिचा कॅमेरा बंद असायचा. ती नुसती ऐकायची आणि फळा बघायची. दहातला एक मेगाबिट ती घेत होती की नाही याचीही शंकाच, आणि जाणाऱ्या वाटेवर तर तिचे जवळजवळ काहीच नव्हते.

त्या संध्याकाळी मी नवा पासवर्ड कागदावर लिहून मावशींना दिला आणि काय झाले ते खरे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘असू दे काका. पोरगी आता आत्तीकडं जाती, तिकडं रेंज येती.’ रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. आठवड्याने मुलगी पुन्हा जिन्यात दिसली.

तेव्हापासून माझे एक ठाम मत झाले आहे. संशयावरून कोणाचीही पाळी तोडू नये, आधी ताळा करावा. घरातल्या कोणी तरी पाटकऱ्याचे काम अंगावर घ्यावे, आणि ते काम निवृत्त माणसाला उत्तम जमते, कारण त्याला वेळ असतो आणि वहीत लिहिण्याची खोड असते. फोटो आणि संगणकाची मोठी अद्ययावते मध्यरात्रीनंतर पाठवावीत किंवा उतरवावीत. डबी लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावी. आम्ही एवढेच केले तेव्हा वरच्या खोलीतले निम्मे गाऱ्हाणे संपले. जास्त वेगाची योजना घ्या असे सांगणारे फोन रोज येतात, पण कपाटामागच्या डबीला शंभर मेगाबिट दिले काय आणि पाचशे दिले काय!

माझे काही मित्र म्हणतात, बाहेरच्याला पासवर्ड देणे धोक्याचे. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता आणि पोलीस त्या घरी पोचले होते. कनेक्शन ज्याच्या नावावर, विचारणा त्याच्याकडेच. पण यावर उपाय आहे. बहुतेक डब्यांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढता येते, त्याचा पासवर्ड वेगळा, आणि तिथून घरातल्या संगणकांत डोकावता येत नाही. ते उघडे टाकू नये, ओळखीच्यालाच द्यावे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली, तीत किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय वाय-फाय विकता येते. दुकानदार ओळखदेख नसलेल्या गिऱ्हाइकाला विकू शकतो, मग वीस वर्षे आपली भांडी घासणाऱ्या बाईच्या मुलीला आपण काय म्हणून नाही म्हणायचे?

२०२१ची दहावीची परीक्षा रद्द झाली. तेव्हा मी काही दिवस स्वतःला समजावले, की परीक्षाच झाली नाही तर मुलीचे काय बिघडले? मग गुण कसे देणार ते जाहीर झाले. शंभरांतले पन्नास नववीच्या निकालावरून, तीस दहावीच्या वर्षभरातल्या चाचण्यांवरून, वीस गृहपाठ, तोंडी आणि प्रात्यक्षिकांवरून. जुलैत निकाल लागला, मावशी पेढे घेऊन आल्या, मी दोन खाल्ले. त्या अडीच आठवड्यांत तिच्या किती चाचण्या बुडाल्या, हे मी अजून विचारलेले नाही.

आता घरी फायबर आहे. पाहुण्यांच्या जाळ्याला नातवाने ‘जिना’ असेच नाव दिले आहे. हल्ली त्यावर बहुतेक वेळा तिच्या धाकट्या भावाचा फोन असतो.