टोप आणि वपन

इंग्रजीतल्या ‘विग’ला एके काळी सत्तेचा दर्प होता. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपात सरदार, न्यायाधीश कृत्रिम केस मिरवीत. बड्या असामीला ‘बिगविग’ म्हणण्याचा प्रघात त्यातूनच पडला. आपल्याकडे तो मान पगडीचा. मराठीतले खोटे केस दोन ठिकाणी दिसतात: बाईच्या वेणीत गुंफलेले गंगावन आणि नटाच्या डोक्यावरचा टोप.

या टोपाकडे आपल्या नाट्यसमीक्षेने वेशभूषेची एक बाब म्हणूनच पाहिले, असे मला वाटते. स्त्रीभूमिका पुरुष करीत त्या काळात काही नट केस वाढवीत, काही टोप चढवीत. ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना रडवले. त्या अश्रूंविषयी आपण पुष्कळ लिहिले. परंतु याच नाटकातली शरद बालविधवा आहे, आणि नाट्यगृहाबाहेर तिच्यासारख्या कितीतरी उच्चवर्णीय विधवांचे केशवपन होत होते, या दोन गोष्टी आपण क्वचितच एकत्र वाचतो.

या प्रथेला विरोध झाला नव्हता असे नाही. आगरकरांनी तिच्यावर कठोर प्रहार केले. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे वपन न करण्याचा निर्धार केला. 1896 साली अण्णासाहेब कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 साली तो हिंगण्यास नेला. ते हिंगणे म्हणजे आजचे कर्वेनगर, आमच्या कोथरूडच्या अगदी शेजारचे. म्हणजे ज्या समाजाने पुरुषाच्या मस्तकावरील स्त्रीच्या केशसंभाराला कला म्हणून दाद दिली, त्याच समाजाने स्त्रीच्या मस्तकावरचे तिचे स्वतःचे केस धर्माच्या नावाने उतरवले. दोहोंच्या मुळाशी एकच समजूत होती: केस म्हणजे सौभाग्य, आणि त्यावर अधिकार इतरांचा.

ही समजूत संपली आहे काय? माझ्या एका स्नेही बाईंचे केस केमोथेरपीत गेले. त्यांना टोप नको होता. डोके उघडे ठेवूनच त्या वावरू इच्छीत होत्या. घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “अगं, निदान पदर तरी घे. बरं नाही दिसत.” त्या ‘बरं नाही दिसत’मध्ये आजाराची काळजी कमी आणि वपन केलेल्या विधवेची स्मृती अधिक होती. पुरुषाच्या टकलावर विनोद होतात, पण त्याला कुणी अशुभ मानीत नाही.

टोपाला माझा विरोध नाही. ज्या रुग्णेला त्यातून धीर मिळतो तिने तो अवश्य वापरावा. मात्र तो लावायचा की नाही, हे तिचे तिने ठरवावे. आणि साहित्याच्या वर्गात सिंधू शिकवताना तिच्या टोपाबरोबर शरदेच्या मस्तकाचाही विचार व्हावा, एवढीच अपेक्षा.