ग्लॅडिओलसचे कंद जपताना

शिरूर अनंतपाळच्या आमच्या अंगणात अम्मींनी लावलेला ग्लॅडिओलसचा वाफा आहे. त्यांच्या इंतकालानंतर घरात पहिला निकाह झाला, तेव्हा सजावटीसाठी आम्ही सगळे दांडे बुडापासून कापले. पुढे कंद काढले तर ते बोराएवढेच निघाले, काही तर कुजलेले. चूक आमचीच. कंद पोसतात ती पाने, आणि आम्ही पानेच कापून टाकली होती.

आता खालच्या एक-दोन कळ्या रंग दाखवू लागल्या की दांडा कापतो, पण झाडावर चार-पाच पाने ठेवतो. वरच्या कळ्या फुलदाणीत उमलतात. दीड-दोन महिन्यांनी पाने पिवळी पडली की पाणी तोडायचे, कंद काढून सावलीत वाळवायचे आणि हवेशीर टोपलीत ठेवायचे.

लागवड ऑक्टोबरात, दोन-तीन इंच खोल. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाळू आणि शेणखत घालून गादीवाफा करावा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. आम्ही तेच वाफ्याला देतो.

कंद काढताना दिसते, जुना कंद सुकून गेलेला असतो आणि त्याच्यावरच नवा बसलेला असतो. भोवतीच्या बारीक पिलांना फुलायला दोन-तीन वर्षे लागतात. यंदा ती पिले आम्ही शेजारच्या घरांत वाटली. अल्लाह हा अम्मींचा सदका कबूल करो.