पंतांचा आवाज आणि वीस सेकंद

१ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर येथील केंद्रांवरून प्रायोगिक तत्त्वावर जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले, ही नोंद भारतीय प्रसारणाच्या इतिहासात बहुधा महसुलाच्या प्रकरणात आढळते. वास्तविक तिला मराठी आवाजाच्या इतिहासातही जागा मिळायला हवी, कारण सरकारी नभोवाणीने व्यापाऱ्यासाठी दार उघडले ते सर्वप्रथम महाराष्ट्रातील या तीन शहरांत. तोवर आकाशवाणीचा कारभार शासनाचा निधी आणि श्रोत्यांकडून घेतले जाणारे परवाना शुल्क यांवर चालत असे, म्हणजे घरात रेडिओ असला की टपाल कार्यालयात जाऊन त्याच्या लायसन्सचे नूतनीकरण करून घ्यावे लागे, आणि ज्याला जाहिरातींसह गाणी ऐकायची असत तो काटा रेडिओ सिलोनवर नेऊन ठेवी. तेथे १९५२ पासून अमीन सयानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करीत होते, आणि त्या कार्यक्रमाच्या नावातच टूथपेस्टची जाहिरात गुंफलेली होती. देशी पैसा असा परक्या केंद्राकडे वाहत असल्याचे दिसत असूनही शासनाला जाहिरातींचा निर्णय घ्यायला दीड दशक लागले. प्रसारणाचा आढावा घेणाऱ्या अशोक चंदा समितीच्या अहवालानंतर त्या निर्णयाला गती मिळाली.

जाहिरातीला मजकूर लागतो, संगीत लागते, परंतु नभोवाणीवर या दोन्हींच्या आधी लागतो तो आवाज. या व्यवसायात जाहिरातीच्या एका तुकड्याला ‘स्पॉट’ म्हणतात आणि तो दहा, पंधरा, वीस, तीस अशा ठरीव सेकंदांच्या मापाने विकला जातो. गाऊन म्हटलेल्या घोषवाक्याला ‘जिंगल’ आणि न दिसता बोलणाऱ्याच्या निवेदनाला ‘व्हॉइस-ओव्हर’ म्हणण्याची रीत आहे. तीस सेकंदांत मराठी बोलणारा स्वच्छ उच्चार सांभाळून साठ-पासष्ट शब्दांपलीकडे फारसा जाऊ शकत नाही, आणि वीस सेकंदांच्या स्पॉटमध्ये तर मालाचे नाव दोनदा घेतल्यावर उरलेल्या जागेत पात्र, प्रसंग आणि पटवून देणे हे सगळे बसवावे लागते. एवढ्या अरुंद जागेत माणूस उभा करण्याची कला ज्यांना आधीपासून अवगत होती असे कलावंत रंगभूमीवर थोडे आणि आकाशवाणीच्या विनोदी श्रुतिकांत अधिक होते.

श्रुतिका म्हणजे केवळ ऐकण्यासाठी लिहिलेले छोटे नाट्य. मराठीत या प्रकाराचे सर्वांत लोकप्रिय रूप म्हणजे मुंबई केंद्राची ‘प्रपंच’ आणि तिच्यामागून आलेली ‘पुन्हा प्रपंच’ ही मालिका होय. तिच्यातील पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, हे समीकरण मुंबईइतकेच पुण्यातील मध्यमवर्गीय घरांतही पाठ होते. वि. आ. बुवा यांच्यासारख्या विनोदी लेखकाची लेखणी तिच्या मागे होती. मालिकेचा मालमसाला अगदी साधा असे: नवरा, बायको, वेळीअवेळी दारात उभे राहणारे भावजी आणि महागाईपासून पाहुण्यांपर्यंत संसारात रोज उपटणारी एखादी अडचण. या साधेपणामागची कारागिरी मात्र साधी नव्हती.

नाट्यगृहात विनोदी नट प्रेक्षकाच्या हशावर स्वार होतो, हशा ओसरेपर्यंत थांबतो आणि मग पुढचे वाक्य टाकतो. स्टुडिओत समोर प्रेक्षकच नसल्यामुळे किती थांबायचे हे नटाने मनातल्या मनात ऐकलेल्या हशावर ठरवायचे असते. विराम थोडा जरी लांबला तर श्रोत्याला वाटते की केंद्राच्या यंत्रणेत बिघाड झाला, आणि आखूड पडला तर विनोद पुढच्या वाक्याखाली दडपला जातो. त्यात संहितेची पाने टाचलेली नसतात, सुटी असतात, कारण टाचलेले पान उलटताना होणारी सळसळ मायक्रोफोन इमानेइतबारे टिपतो. वाचून झालेले पान आवाज न करता बाजूला सरकवायचे, त्याच वेळी मायक्रोफोनपासून किंचित मान वळवून दुसऱ्या खोलीतून बोलल्याचा भास निर्माण करायचा, आणि रागावलेले वाक्य ओरडून न म्हणता जवळ येऊन दाबून म्हणायचे, ही सारी कसरत श्रोत्याला कधी कळता कामा नये. वर्षानुवर्षे हे करणाऱ्याच्या गळ्यात एक गुण मुरतो: पहिल्या दोन शब्दांत तो माणूस कोण, कोणत्या वयाचा आणि घरात त्याचे कितपत चालते हे श्रोत्याला समजते. जाहिरातदार पैसे मोजतो ते नेमके या गुणासाठी.

कुडतरकर यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. स्वातंत्र्यपूर्व काळात मुंबई केंद्रात आलेला हा निवेदक नभोनाट्याचा दिग्दर्शक झाला, पंत झाला, फिल्म्स डिव्हिजनच्या मराठी वृत्तपटांतून आणि माहितीपटांतून चित्रपटगृहातील अंधारात ऐकू येऊ लागला आणि असंख्य जाहिरातींचा आवाजही झाला. जुलै २०१८ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यांची ओळख करून दिली ती प्रामुख्याने ‘पुन्हा प्रपंच’मधील पंत म्हणून, जाहिरातींचा उल्लेख आला तो बहुधा संख्येच्या रूपाने, विशिष्ट जाहिरातीच्या नावाने क्वचितच. यात मृत्युलेख लिहिणाऱ्यांची हयगय शोधण्याचे कारण नाही, कारण श्रुतिकेच्या अखेरीस ‘भाग घेणारे कलावंत’ म्हणून नावे सांगितली जात आणि जाहिरातीच्या अखेरीस मालाचे नाव सांगितले जाई, बोलणाऱ्याचे नव्हे. आवाज घरातल्या सर्वांच्या ओळखीचा आणि तरीही अनामिक, अशी ही विलक्षण अवस्था होती. श्रोता स्वयंपाकघरातून ‘हे तर आपले पंत’ म्हणून मोकळा होई, आणि त्या ‘आपले’पणातच जाहिरातीचे निम्मे काम उरकलेले असे.

येथे एक भेद मात्र नजरेआड होऊ नये. जाहिरातीने विनोदी श्रुतिकेकडून तिचे घर जसेच्या तसे उचलले: तीच त्रासलेली गृहिणी, तोच भोळा नवरा, तेच अवचित येणारे शेजारी. तिने उलटवले ते त्या घरातील अधिकाराचे नाते. श्रुतिकेत जो सगळे जाणतो असे समजतो त्याची अखेरीस फजिती होते, किंबहुना मराठी विनोदाचा मोठा भाग अशा सर्वज्ञांच्या फजितीवर उभा आहे. जाहिरातीत मात्र सर्वज्ञ शेजारीण खरोखरच सर्वज्ञ असते, तिने सुचवलेल्या साबणाने डाग जातो आणि शंका घेणारा नवरा वीस सेकंदांत शरण येतो. त्यामुळे विनोदी नटाचा आवाज जाहिरातीत गेला तरी त्याचा विनोद बहुतेक वेळा दाराबाहेरच राहिला. आवाज हसरा, मजकूर आज्ञार्थी, असा हा संकर आहे, आणि त्या काळच्या मराठी स्पॉटांपैकी स्मरणात राहिलेले स्पॉट बहुधा चालीमुळे राहिले, कोटीमुळे क्वचितच, हे त्याचे एक कारण असावे.

हा संकर अटळ नव्हता, हे अमेरिकेतील स्टॅन फ्रीबर्ग या विनोदकाराच्या उदाहरणावरून दिसते. १९२६ मध्ये लॉस एंजेलिस येथे जन्मलेल्या फ्रीबर्ग यांनी १९५० च्या दशकात विडंबनाच्या ध्वनिमुद्रिकांनी नाव कमावले आणि १९५७ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीवर त्यांचा स्वतःचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. सिगारेट कंपन्यांचे प्रायोजकत्व त्यांनी नाकारले, दुसरा प्रायोजक मिळाला नाही, आणि पंधरा भागांनंतर कार्यक्रम थांबला. प्रायोजक म्हणजे कार्यक्रमाचा सारा खर्च उचलून त्याच्या मोबदल्यात आपले नाव घोषित करून घेणारा व्यापारी. अमेरिकी नभोवाणी पहिल्यापासून अशा व्यापाऱ्यांच्या खांद्यावर उभी होती, तेव्हा त्यांना नकार देणे म्हणजे स्वतःच्याच पायाखालची फळी काढून घेणे होते. पुढच्या वर्षी फ्रीबर्ग यांनी नाताळचा बाजार मांडणाऱ्या जाहिरात व्यवसायाची रेवडी उडवणारी एक ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यावर टीकेची झोड उठली, आणि काही महिन्यांतच जाहिरात करून द्या म्हणून त्यांच्याकडे आलेल्यांत कोका-कोला कंपनी होती. थट्टा ज्याची झाली तोच गिऱ्हाईक म्हणून दारात उभा राहिला, हा प्रकार कोणत्याही श्रुतिकेत शोभावा असा आहे.

फ्रीबर्ग यांनी काढलेल्या संस्थेचे बोधवाक्य लॅटिन भाषेत होते आणि त्याचा अर्थ ‘पैशासाठी कला’ असा होता. एवढा उघडा कबुलीजबाब दिल्यावर त्यांना गांभीर्याचा आव आणण्याची गरजच उरली नाही. डबाबंद चिनी पदार्थांच्या एका जाहिरातीत त्यांनी दहापैकी नऊ डॉक्टर या अन्नाची शिफारस करतात असे सांगितले आणि कॅमेऱ्यासमोर उभे केलेले ते नऊही डॉक्टर चिनी होते. नभोवाणीचे सामर्थ्य पटवण्यासाठी केलेल्या त्यांच्या एका स्पॉटमध्ये मिशिगन सरोवराचे पाणी उपसून त्यात गरम चॉकलेट भरले जाते, त्यावर सातशे फूट उंचीचा मलईचा डोंगर सरकवला जातो, विमानांचा ताफा दहा टनांची चेरी वरून टाकतो आणि पंचवीस हजार माणसांचा जल्लोष उठतो. हे सगळे काही ध्वनींत आणि एका शांत, कामकाजी स्वरातील सूचनांत घडते, आणि शेवटी दूरचित्रवाणीला हे जमवून दाखवण्याचे आव्हान दिले जाते. येथे मालाची स्तुती नाही, ऐकणाऱ्याच्या कल्पनेवर विश्वास आहे. जाहिरातीतील सर्वज्ञालाच हास्यास्पद करण्याची मुभा फ्रीबर्ग यांना मिळाली, कारण मजकूर, दिग्दर्शन आणि आवाज हे तिन्ही त्यांच्या हाती होते आणि त्यांचे नाव हाच विक्रीचा एक भाग होता.

मराठी विनोदी कलावंताला हे शक्य नव्हते, यात त्याच्या कुवतीचा प्रश्न नाही. जाहिरातीचा मूळ मजकूर पुष्कळदा मुंबईतील संस्थेत इंग्रजीत किंवा हिंदीत तयार होई, त्याचे मराठी भाषांतर सेकंदांच्या मापात कोंबले जाई आणि ते ध्वनिमुद्रणाच्या दिवशी नटाच्या हाती पडे. कारखान्यातील दोन पाळ्यांप्रमाणे एका स्टुडिओत हिंदी आवाज बाहेर पडला की मराठी आवाज आत शिरे. शिवाय आकाशवाणीच्या जाहिरातविषयक आचारसंहितेनुसार जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू येणे आवश्यक होते, आणि ही अट श्रोत्याच्या हिताची असली तरी तिच्यामुळे विनोदकाराला आपल्या कार्यक्रमातल्या कार्यक्रमात, स्वतःच्या तोंडाने, मालाची गंमत करीत माल विकण्याची वाट बंद झाली. १९७० मध्ये विविध भारतीवर प्रायोजित कार्यक्रमांना परवानगी मिळाल्यावर ती वाट हिंदीत काही प्रमाणात खुली झाली. सयानी यांचा कापड कंपनीने पुरस्कृत केलेला ‘एस. कुमार्स का फिल्मी मुकदमा’ हा खटल्याच्या सोंगातील मुलाखतींचा कार्यक्रम त्याचे लोकप्रिय उदाहरण होय. सयानी यांच्या नावावर एकोणीस हजारांच्या घरात स्पॉट आणि जिंगल मोजल्या जातात, आणि तरीही ते अनामिक कधीच नव्हते, कारण त्यांचे नाव कार्यक्रमाच्या आरंभीच उच्चारले जात असे.

पुण्यात नव्या शतकाच्या पहिल्याच दशकात खासगी एफएम केंद्रे आली आणि हे सगळे गणित फिरले. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई असल्यामुळे गाण्यांच्या मधली जागा गप्पा, नकला आणि फोनवरून केलेल्या थट्टेने भरणे भाग पडले, म्हणजे निवेदकाला, ज्याला आता आरजे म्हणतात, विनोदकार होण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. त्याच्याच तोंडून, त्याच ओघात, लक्ष्मी रस्त्यावरील एखाद्या दुकानाच्या सेलची किंवा हिंजवडीकडील गृहप्रकल्पाची शिफारस येते, तिला व्यवसायात ‘मेन्शन’ म्हणतात, आणि ध्वनिमुद्रित स्पॉटपेक्षा तिचे मोल वेगळे धरले जाते. विद्यापीठ चौकाच्या गर्दीत अडकलेल्या श्रोत्याला थट्टा कोठे संपली आणि जाहिरात कोठे सुरू झाली हे कळत नाही, आणि कळू नये हाच मेन्शनचा हेतू असतो. नाव आता आरजेचे घेतले जाते, किंबहुना सतत घेतले जाते. मात्र केंद्र सोडले की ओळखही बरीचशी केंद्राकडेच राहते.

आवाज आणि ओळख यांच्या या प्रश्नाला कायद्याने अलीकडे हात घातला आहे तो दुसऱ्याच बाजूने. यंत्राने माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणे शक्य झाल्यावर जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या याचिकेवर अंतरिम आदेश देताना आवाज हा व्यक्तीच्या ओळखीचा भाग मानला आणि परवानगीवाचून त्याची नक्कल करण्यास मनाई केली. अमेरिकेत मोटारीच्या जाहिरातीसाठी बेट मिडलर या गायिकेच्या आवाजाची नक्कल दुसरीकडून करवून घेतल्याच्या प्रकरणात १९८८ मध्येच असा निर्णय झाला होता. या दोन्ही प्रकरणांत संरक्षण मागणारी व्यक्ती नावाने प्रसिद्ध होती. ज्याचा आवाज लाखो श्रोते ओळखतात पण नाव कोणत्याही स्पॉटवर नोंदलेले नाही, अशा मराठी जाहिरात-कलावंताने न्यायालयात जाऊन हा आवाज आपलाच, असे म्हटले तर त्याला पुरावा म्हणून दाखवायला काय असेल, हे या दोन्ही प्रकरणांतून ठरलेले नाही. ध्वनिमुद्रणाच्या पावत्या जपून ठेवण्याची सवय या व्यवसायात फारशी कधीच नव्हती.